शिक्का खरा, कागद खोटा

मित्रांनो, डॉक्टरांनी आयुष्यभर आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर दिले. फक्त एका पत्राला दिले नाही. ते पत्र आले तेव्हा मी त्यांच्या टेबलावर, शाईच्या डबीशेजारी होतो. त्यांनी ते तीनदा वाचले, घडी घातली आणि एका जाड पुस्तकात ठेवून दिले. उत्तर लिहायचे राहून गेले, असे मला म्हणता येणार नाही. सात वेळा त्यांनी लिहायला घेतले आणि सातही वेळा फाडून टाकले. त्या पत्रात माझा उल्लेख होता. म्हणून ही गोष्ट मी सांगतो आहे. मला ती नीट सांगता येईल की नाही, याची खात्री नाही.

मी एक जुना रबरी शिक्का आहे. वर लाकडी मूठ, खाली रबराची पट्टी आणि पट्टीवर तीन ओळी: डॉक्टरांचे नाव, त्यांची पदवी, त्यांचा नोंदणी क्रमांक. माझी सगळी अक्षरे उलटी कोरलेली आहेत. त्यामुळे जगाकडे पाहताना आपण सरळ पाहतो आहोत ना, ही शंका मला कायम असते. हा स्वभाव मला डॉक्टरांच्या हातातून आला असावा. ते अतिशय बुजरे होते. लहान मुलालाही 'अहोजाहो' करत. रुग्ण नसला की पुस्तकात तोंड खुपसून बसत, आणि एखादे औषध हजार वेळा दिलेले असले तरी पुन्हा एकदा पुस्तकात पाहून घेत.

एका शिक्के बनवणाऱ्याने रबर कापून, साच्यात दाबून मला घडवले. मूठ त्याने काचपेपरने घासून गुळगुळीत केली. नवा होतो तेव्हा मी फार ठळक उमटत असे.

दवाखान्यात मला सर्वांत शेवटी हात लागायचा. त्याचे कारण सांगतो. डॉक्टरांचे अक्षर इतके वाईट होते की औषधाच्या दुकानदाराने एकदा त्यांची चिठ्ठी उलटी धरून वाचली, आणि तरी त्याला काही फरक जाणवला नाही. तेव्हापासून सूचनांचे कागद कंपाउंडर लिहू लागला. त्याचे अक्षर टपोरे आणि देखणे होते. डॉक्टर सांगत, कंपाउंडर लिहीत असे. मग डॉक्टर तो कागद रुग्णाला मोठ्याने वाचून दाखवत आणि म्हणत, "आता तुम्ही म्हणा बघू." रुग्णाने गोळ्या कधी, किती, कशासाठी हे सगळे म्हणून दाखवले, की मगच ते मला उचलत. शाईत एकदा, कागदावर एकदा.

लोक मात्र एवढ्या भानगडीत पडत नसत. घरी गेल्यावर कोणी विचारले, "काय म्हणाले डॉक्टर?" तर ते कागद पुढे करत. "हे बघा, शिक्का आहे." एका निवृत्त कारकुनाने खोकल्याचा कागद नऊ वर्षे पाकिटात जपून ठेवला होता. तो म्हणे, "कागद नुसता खिशात असला तरी बरं वाटतं." सगळे हसले. मीही मनातून सुखावलो. तेव्हा मला कळायला हवे होते की लोक कागद वाचत नाहीत, मला पाहतात. पण कौतुक कोणाला नको असते?

फक्त एक बाई पूर्ण कागद वाचत. त्या पुस्तके बांधायचे काम करत. सगळे त्यांना बाइंडरबाई म्हणत. डॉक्टरांची जाडजूड पुस्तके खिळखिळी झाली की त्या घेऊन जात आणि दाभणाने नव्याने शिवून, पुठ्ठा चढवून परत आणत. त्यांच्या बोटांना सदा खळीचा वास असे. त्यांना तरुणपणापासून फिट यायच्या. डॉक्टरांनी पुस्तके चाळून, शहरातल्या मोठ्या डॉक्टरांना पत्रे लिहून त्यांच्या गोळ्या ठरवून दिल्या. त्यानंतर अकरा वर्षे त्यांना एकही फिट आली नाही.

"आता म्हणा बघू," डॉक्टर म्हणत.

"सकाळी एक, झोपताना एक. बरं वाटलं तरी बंद करायची नाही. आणि डॉक्टर, तुमच्या त्या हृदयाच्या पुस्तकाची पाठ सुटलीय. माझ्यापेक्षा त्याला औषधाची गरज आहे."

डॉक्टर लाजून हसत. मला वाटते, त्यांच्याशी चेष्टा करण्याची हिंमत फक्त या बाईंनाच होती.

पुढे बाइंडरबाई दुसऱ्या गावी भावाकडे राहायला गेल्या आणि तिथल्या एका छापखान्यात काम करू लागल्या. काही वर्षांनी डॉक्टरांचे हात कापू लागले आणि त्यांनी दवाखाना बंद केला. त्या दिवशी टेबल आवरताना कंपाउंडरच्या हातून मी फरशीवर पडलो. माझ्या पट्टीचा एक कोपरा तुटला. नोंदणी क्रमांकाचा शेवटचा आकडा अर्धा उडाला. कंपाउंडर हळहळला. डॉक्टर म्हणाले, "असू द्या. आता कुठे वापरायचाय?" आणि त्यांनी मला घरच्या टेबलावर आणून ठेवले. माझी शाई वाळली. माझ्यावर धूळ बसली. मला त्याचे वाईट वाटले नाही, असे मी म्हणणार नाही.

कंपाउंडर मात्र रोज दुपारी डॉक्टरांकडे येत असे. दोघे चहा पीत. डॉक्टर पुस्तक वाचत, कंपाउंडर फोन. त्या फोनमध्ये त्याचा एक ग्रुप होता, आरोग्याचा. दोनशेच्या वर माणसे होती म्हणे. कंपाउंडर त्यात बरेच काही पाठवी, पण त्याच्याकडे कोणी लक्ष देत नसे. एकदा तो डॉक्टरांना म्हणाला, "तीस वर्षं औषधं दिली हो मी या लोकांना. आता मी काही सांगितलं की खाली लगेच कोणीतरी फुलांचं चित्र टाकतो."

डॉक्टर पुस्तकातून वर न बघता म्हणाले, "फुलं तरी टाकतात. माझ्याकडे कोणी काही टाकत नाही."

हा विनोद होता. पण कंपाउंडर हसला नाही.

मग ती दुपार आली. डॉक्टर आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते, पुस्तक छातीवर पालथे. कंपाउंडरने खणातून दवाखान्याचा जुना कोरा कागद काढला. फोनकडे बघत बघत, त्याच्या त्या देखण्या अक्षरात लिहू लागला. फिटच्या गोळ्या मेंदू पोखरतात. परदेशातील एका थोर डॉक्टरांनी हे सिद्ध केले आहे. त्याऐवजी लिंबाच्या सालींचा काढा रोज अनशापोटी घ्यावा. गोळ्या एकदम बंद कराव्यात. पहिले दोन महिने त्रास वाढेल, कारण विष बाहेर पडत असते, घाबरू नये. हा कागद दहा जणांना पाठवावा.

मग त्याने मला उचलले. वाळलेल्या डबीत पाण्याचे दोन थेंब टाकले आणि मला दाबले.

मित्रांनो, मी त्या हाताला ओळखत होतो. तीस वर्षे त्याच हाताने रोज मला पुसून ठेवले होते. त्या दिवशी मला कोणी कागद वाचून दाखवला नाही. कोणी कोणाला 'म्हणा बघू' म्हटले नाही. मी उमटायला नको होते. पण शिक्क्याला नाही म्हणता येत नाही. मी उमटलो. फोनने टिपले. कंपाउंडरने मला पुसले, जागेवर ठेवले आणि चहाचे आधण ठेवायला आत गेला.

दोन दिवसांनी तो खुशीत आला. त्याच्या कागदाखाली एकही फूल पडले नव्हते. शंभरावर लोकांनी तो पुढे पाठवला होता. डॉक्टरांना त्याने काही सांगितले नाही.

महिन्याभराने पत्र आले.

"डॉक्टरांना नमस्कार," बाइंडरबाईंनी लिहिले होते. "वहिनीच्या फोनवर तुमच्या दवाखान्याचा कागद आला. तिने दुकानातून छापून आणला. एक प्रत सोबत पाठवते. अक्षर आपल्या कंपाउंडरदादांचं आहे आणि खाली तुमचा शिक्का आहे. पण तुम्ही मला हा वाचून दाखवला नाहीत आणि माझ्याकडून म्हणवून घेतला नाहीत, म्हणून विचारते. खरंच गोळ्या बंद करायच्या का? माझ्याजवळ अजून वीस दिवसांच्या गोळ्या आहेत. तोवर तुमचं पत्र आलं नाही, तर तुमची संमती आहे असं समजेन."

बघा मित्रांनो, त्यांनी काय चूक केली? काहीच नाही. ज्याचे नाव कागदावर होते, त्यालाच विचारले. याहून शहाणपणाने माणूस वागणार तरी कसा?

डॉक्टरांनी ती प्रत हातात घेतली. चेहरा उतरला. दुपारी कंपाउंडर आल्यावर त्यांनी चाचरत विचारले, "अहो, हा कागद मी सांगितला होता का तुम्हाला?"

कंपाउंडरने कागद पाहिला. त्याचे कान लाल झाले. मी टेबलावरून पाहत होतो. आता तो सांगेल, मला वाटले. एक वाक्य. एवढेच हवे होते.

"सांगितला असेल, डॉक्टर," तो म्हणाला. "तुम्हाला हल्ली आठवत नाही."

डॉक्टरांनी कागद खाली ठेवला. त्यांनी मान हलवली. त्या वाक्याने त्यांच्या हातातले होते नव्हते ते बळ काढून घेतले. परवाच त्यांनी चष्मा कपाळावर असताना घरभर शोधला होता. कोणाचे नाव आठवत नसे. कदाचित दवाखान्याच्या दिवसांत खरेच आपण हे बोललो असू. कदाचित नवे काही संशोधन निघाले असेल आणि आपणच मागे पडलो असू. ते कपाटातली सगळी पुस्तके काढून बसले. कुठल्याच पुस्तकात लिंबाची साल नव्हती. 'पण माझी पुस्तकं जुनी आहेत,' ते स्वतःशीच पुटपुटत. उत्तर लिहायला घेत: 'माझ्या मते बहुधा...' आणि फाडत. 'खात्री करून कळवतो...' आणि फाडत. वीस दिवस गेले. मग तीस. मग लाज वाटू लागली, आणि लाजेने आणखी दिवस गेले.

दुसरे पत्र आले ते अनोळखी अक्षरात होते. वहिनीने लिहिले होते, बाइंडरबाईंनी सांगितले तसे.

"तुमचं पत्र आलं नाही, म्हणून मी गोळ्या बंद केल्या. छापखान्यात कटिंग मशीनवर काम करताना फिट आली. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. परवा घरी पुन्हा एक आली. पण कागदात लिहिलंच आहे की आधी त्रास वाढतो, त्यामुळे काढा चालू ठेवला आहे. आता दाभण धरता येत नाही, तेवढं शिकून घेईन. डॉक्टर, तुम्ही नेहमी उत्तर देता. यावेळी दिलं नाहीत. मी कुठे चुकले असेन तर कळवा."

डॉक्टरांनी पत्र खाली ठेवले.  मग त्यांनी ती प्रत पुस्तकातून काढली, भिंग घेतले आणि पहिल्यांदाच मला नीट पाहिले. मजकूर त्यांनी शंभरदा वाचला होता. शिक्का मात्र कोणी वाचत नाही, तो आहे की नाही एवढेच पाहतात. ते एकेक अक्षर करत शेवटच्या ओळीपर्यंत आले. नोंदणी क्रमांकाचा शेवटचा आकडा अर्धाच होता.

त्यांनी मला उचलून उलटे केले. तुटलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. दवाखाना बंद झाला त्या दिवशी तो तुटला होता, आणि त्यानंतर त्यांनी एकाही माणसाला एकही कागद दिला नव्हता. दुपारी कंपाउंडर आला तेव्हा मी टेबलाच्या मधोमध होतो.

"बसा," डॉक्टर म्हणाले. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

कंपाउंडरने माझ्याकडे पाहिले आणि त्याला सगळे कळले. "ग्रुपवर आलं होतं."

"ग्रुपवर कोणाकडून?"

"माझ्या साडूकडून."

"त्यांना कोणाकडून?"

"त्याच्या ऑफिसातला कोणीतरी आहे."

"आणि त्या ऑफिसातल्या माणसाला?"

"ते कसं सांगू? पण परदेशातले डॉक्टर होते हो. फोटो होता. पांढरा कोट होता."

"पांढरा कोट न्हावीही घालतो," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "नाव काय त्यांचं? कुठल्या रुग्णालयातले? किती रुग्णांवर पाहिलं त्यांनी हे? कधी?"

कंपाउंडर कागदाशी चाळा करू लागला. मग म्हणाला, "वाईट हेतू नव्हता, डॉक्टर. मला खरं वाटलं ते. नुसतं पाठवलं तर कोणी ऐकत नव्हतं."

"म्हणून माझं नाव लावलंत."

"तीस वर्षं माझंच अक्षर होतं त्या कागदांवर."

"होतं. आणि मी ते दर वेळी वाचून बघत होतो." डॉक्टरांनी वहिनीच्या हातचे पत्र पुढे सरकवले. "हे वाचा. मोठ्याने वाचा."

कंपाउंडर वाचू लागला. बोटांपाशी आल्यावर त्याने पत्र खाली ठेवले. डॉक्टरांनी ते पुन्हा त्याच्या हातात दिले आणि शेवटपर्यंत वाचायला लावले. मग हळूच म्हणाले, "एक सांगाल? मी तुम्हाला विचारलं त्या दिवशी. तेव्हा तुम्ही म्हणालात, मलाच आठवत नाही. का?"

कंपाउंडर पत्राची घडी घालू लागला. मला अजूनही वाटते, कागदापेक्षा ते वाक्य जास्त खोटे होते.

पत्राच्या तळाशी वहिनीचा नंबर होता. डॉक्टरांनी लगेच फोन लावला. "मी डॉक्टर बोलतोय. काढा आत्ताच्या आत्ता बंद करा आणि बाईंना तिथल्या रुग्णालयात न्या."

पलीकडून वहिनी म्हणाली, "कशावरून डॉक्टर? हल्ली डॉक्टर बोलतोय, बँकेतून बोलतोय म्हणून कोणीही फोन करतं. आमच्याकडे शिक्क्याचा कागद आहे. तुम्ही खरे असाल तर शिक्क्यासकट लेखी पाठवा." आणि तिने फोन ठेवून दिला. पुन्हा लावला तर उचलला नाही.

डॉक्टरांनी रिसीव्हर खाली ठेवला. "शंका बरोबर घेतली त्यांनी," ते म्हणाले. "फक्त चुकीच्या गोष्टीवर घेतली."

कंपाउंडरने तिथेच बसून ग्रुपवर लिहिले, 'तो कागद माझा होता, डॉक्टरांचा नव्हता, आणि गोळ्या बंद करू नका.' कोणी अंगठा पाठवला. कोणी फुलांचे चित्र. आणि एकाने तोच जुना कागद पुन्हा टाकला, 'ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी'. कंपाउंडरने फोन पालथा ठेवला.

"लेखी द्यावं लागेल, डॉक्टर," तो म्हणाला. "तुम्ही सांगा, मी लिहितो."

"नको. आज मी लिहितो."

ते खुर्ची ओढून बसले. कापत्या हाताने, एकेक अक्षर सुटे, लहान मुलासारखे मोठे काढत लिहू लागले. चार कागद लागले. ते मला वाचता आले, म्हणजे कोणालाही वाचता येईल.

"बाई, तुमच्या पहिल्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. मला माझीच खात्री नव्हती, आणि तेवढंसुद्धा मी तुम्हाला कळवलं नाही. तुम्ही बरोबर माणसाला विचारलंत. चूक त्या माणसाची झाली. तो कागद माझा नाही. काढा बंद करा. आजच रुग्णालयात जा, जुन्या गोळ्यांचं पाकीट आणि हे पत्र तिथल्या डॉक्टरांना दाखवा, आणि ते सांगतील तशा गोळ्या सुरू करा. फिट येत आहेत तोवर मशीनजवळ जाऊ नका. मी म्हणतो म्हणून ऐकू नका. त्यांना कारण विचारा. कारण सांगेल त्याचंच ऐका. सोबत माझा शिक्का पाठवतो. त्याचा एक कोपरा तुटलेला आहे. दवाखाना बंद केला त्या दिवशी तुटला. तुमच्या कागदावर तीच तूट दिसेल. त्याआधीच्या एखाद्या जुन्या कागदाशी ताडून पाहा. आणि मग हा शिक्का जाळून टाका."

मला वाटले, मी चुकीचे वाचले. मी उलटा वाचतो ना. पण मी पाकिटात मावावा म्हणून डॉक्टरांनी पाते घेतले होते. मुठीपासून रबर सोडवायला बराच वेळ लागला. गोंद जुना होता आणि पक्का होता. हात कापत होते म्हणून कंपाउंडरने मूठ घट्ट धरून ठेवली. काम संपल्यावर ती मूठ त्याच्याच हातात राहिली. ठेवायची कुठे, हे त्याला कळेना.

मित्रांनो, मी तुम्हाला काय सांगणार? मी स्वतः खोट्या कागदाखाली उमटलेला आहे. पण एवढे सांगतो. तब्येतीविषयी काही आले, आणि खाली कितीही मोठे नाव, कितीही पांढरा कोट, कितीही ठळक शिक्का असला, तरी थांबा. हे कोणी म्हटले आणि त्याला ते कसे कळले, हे विचारा. चालू औषध बंद करायला सांगणाऱ्या आणि दहा जणांना पाठवायला लावणाऱ्या कागदाला तर दोनदा विचारा. त्रास वाढला म्हणजे गुण येतो आहे, असे म्हणणाऱ्याचे ऐकूच नका. आणि कधी कोणी तुम्हाला विचारले, हे खरे का, तर उत्तर द्या. माहीत नसेल तर माहीत नाही असे लिहा. पण लिहा.

टपाल कार्यालय बंद व्हायला अर्धा तास होता. डॉक्टर गुडघे धरत जिना उतरले. कंपाउंडर दोन पावले मागून आला. डॉक्टरांनी मागे वळून पाहिले नाही, आणि त्याला परतही पाठवले नाही.

खिडकीतल्या बाईंनी पाकीट चाचपले. "आत काय आहे?"

"पत्र. आणि थोडं रबर."

"लवकर पोहोचायला हवं?"

"याआधीच पोहोचायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले.

खिडकीतल्या बाईंनी पाकीट वजनकाट्यावर ठेवले, तिकीट लावले आणि टपालाचा शिक्का उचलला. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या पाठीवर असा उमटत आलो होतो. आज पहिल्यांदा ठोका माझ्या पाठीवर पडला. मग पाकीट उचलले गेले, आणि आम्ही दोघे, पत्र आणि मी, बाहेरगावच्या पोत्यात पडलो.